एका भूखंडावर किती चुली? : बंगळूरच्या वस्तीनियमांचा इतिहास

नगरांचा इतिहास बहुधा राजे, लढाया, तट आणि देवळे यांच्या आधाराने लिहिला जातो. तो तसा लिहिला जाणे स्वाभाविकही आहे. कारण तट आणि देवळे डोळ्यांना दिसतात. परंतु सामान्य कुटुंबाचे आयुष्य ज्यामुळे घडते किंवा अडते, ती गोष्ट पुष्कळदा नगररचना कार्यालयातील एखाद्या रुक्ष तक्त्यात दडलेली असते. कोणत्या भूखंडावर किती उंच बांधावे, चारी बाजूंना किती जागा मोकळी सोडावी आणि तेथे किती कुटुंबांनी राहावे, हे तो तक्ता ठरवितो. भाऊ वेगळे झाले की त्यांनी ‘वेगळी चूल मांडली’ असे आपण म्हणतो. कायदाही जवळजवळ याच भाषेत बोलतो. जनगणनेच्या दृष्टीने एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. आणि बांधकामाच्या नियमांत राहण्याची, स्वयंपाकाची व न्हाणी-शौचाची स्वतंत्र सोय असलेली जागा म्हणजे एक निवासघटक. तेव्हा एका भूखंडावर किती चुली पेटू द्यावयाच्या, हा नगररचनेचा एक मूलभूत प्रश्न आहे.

परमुलखात पोटासाठी आलेल्या माणसाला तर हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. येणारा माणूस जमीन बरोबर घेऊन येत नाही. त्याची पहिली चूल दुसऱ्याच्या भूखंडावरच मांडली जाते. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आपण या शहरातील आपल्या वास्तव्याचा आढावा घेत आहोत. अशा वेळी या शहराने नव्या माणसाला जागा कशी दिली, कधी नाकारली आणि नाकारूनही ती कशी मिळत गेली, याचा इतिहास पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

पेठ आणि वठार

केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसविलेले बंगळूर हे पेठांचे गाव होते. चिक्कपेटे, बळेपेटे, अक्किपेटे, तरगुपेटे, कुंबारपेटे ही नावे ऐकताच पुण्याच्या पेठांत वाढलेल्या माणसास ओळख पटते. १६३८ मध्ये विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याने हे ठाणे जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १६८७ मध्ये मोगलांनी ते घेईपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धशतक, येथे भोसल्यांचा अंमल होता. मल्लेश्वरम् येथील काडु मल्लेश्वराच्या देवस्थानाशी निगडित असलेला १६६९ चा शिलालेख एकोजीराजांच्या दानाची साक्ष देतो. मराठी भाषा या शहरात आगगाडीने आलेली नाही, हे येथे सहज नमूद करावेसे वाटते.

या जुन्या पेठांत व्यापार आणि वस्ती यांची फारकत झालेली नव्हती. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड ही नित्याची रीत होती. त्याच्याच जोडीला ‘वठार’ नावाचा एक घरप्रकार येथे रूढ झाला. मध्ये सामायिक अंगण, एखादी विहीर किंवा नळ आणि सभोवार दोन-दोन, तीन-तीन खोल्यांची भाड्याची घरे, असे त्याचे रूप असे. पुण्याचा वाडा आणि मुंबईची चाळ यांच्या मधोमध कोठेतरी हा वठार बसतो. एका मालकाच्या जागेत अनेक बिऱ्हाडे, अनेक जाती-भाषांचे शेजार, आणि पाण्यावरून होणारी रोजची कुरबूर! आज ज्याला आपण बहुकुटुंबी निवास म्हणतो, तो आपल्या पूर्वजांना नवा नव्हता. नवी होती ती त्याविषयीची भीती, आणि ती भीती एका रोगाने आणली.

प्लेग आणि मोकळी हवा

१८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग १८९७ मध्ये पुण्यात हाहाकार माजवून १८९८ च्या ऑगस्टमध्ये बंगळूरला पोहोचला. दाट पेठांत मृत्यूने थैमान घातले. लोक घरे सोडून माळावर राहू लागले. त्या काळी म्हैसूर संस्थानात प्लेगच्या बंदोबस्ताचे आयुक्त होते व्ही. पी. माधवराव. कुंभकोणमच्या तंजावरी मराठी घराण्यातील हे गृहस्थ पुढे १९०६ ते १९०९ या काळात म्हैसूरचे दिवाण झाले. जुन्या शहराच्या दक्षिणेस बसवनगुडी आणि वायव्येस मल्लेश्वरम् या दोन नव्या वस्त्या प्लेगच्या त्या दिवसांत आकाराला आल्या. सरळ रेषेतील रस्ते, एकमेकांना काटकोनात छेदणारे ‘मेन’ आणि ‘क्रॉस’, घरांच्या पाठीमागून सफाईसाठी ठेवलेल्या अरुंद गल्ल्या, प्रत्येक घराभोवती अंगण आणि झाडे, अशी ही आखणी होती. हवा खेळावी, उन्ह यावे आणि माणसांची दाटी होऊ नये, हा तिचा हेतू. तो हेतू शुद्ध होता आणि त्या परिस्थितीत योग्यही होता.

मात्र मोकळ्या हवेबरोबर आणखी एक गोष्ट या आखणीत शिरली. नव्या वस्त्यांतील भूखंडांचे विभाग जातवार पाडण्यात आले. म्हणजे कोणाजवळ कोणी राहावे, याचाही विचार नकाशावर रेघा ओढणाऱ्यांनी केला होता. आरोग्याचा नियम आणि सामाजिक अंतराचा नियम हे अशा रीतीने एकाच कागदावर उतरले. आणि पुढे त्यांपैकी कोणता नियम कोणत्या कारणाने टिकून राहिला, हे सांगणे कठीण होऊन बसले.

याच प्लेगने मुंबईला मात्र निराळी वाट दाखविली. तेथे १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या वसाहती त्यानेच आखल्या; परंतु बेटावर जागा थोडी आणि गिरण्यांचा कामगार अफाट, यामुळे त्याला चाळीही बांधाव्या लागल्या. त्यानंतर विकास विभागाने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे २०७ बीडीडी चाळी उभ्या केल्या. सुमारे १६० चौरस फुटांच्या एका खोलीत एक संसार, हे त्यांचे माप. त्या खोल्यांचे गुणगान करण्याचे कारण नाही. तथापि कोकण-देशावरून आलेल्या माणसाला कायदेशीर छप्पर मुंबईत मिळाले ते या बहुमजली इमारतींत, ही गोष्ट विसरता येत नाही.

सहकाराच्या क्षेत्रातही हाच फरक दिसतो. १९०९ मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या बांधकाम सहकारी संस्थेने सभासदांना स्वतंत्र घर बांधण्यास कर्ज देण्याचा मार्ग पत्करला. १९१५ मध्ये रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने मुंबईत गावदेवीला उभ्या राहिलेल्या सारस्वत सहकारी गृहसंस्थेने एका आवारात अनेक कुटुंबांची घरे बांधून ती सभासदांना भाड्याने राहण्यास दिली. मुंबईने मजला वाढविला आणि बंगळूरने माळ वाढविला. त्या काळी बंगळूरजवळ माळ विपुल होता.

कारखाने आले, घरे कोठे आहेत?

हा हिशेब प्रथम चुकला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९४० च्या डिसेंबरात सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साहाय्याने येथे हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना केली. १९४६ मध्ये किर्लोस्कर इलेक्ट्रिक निघाली. त्यामागून १९४८ मध्ये टेलिफोनचा, १९५३ मध्ये एचएमटीचा आणि १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सचा असे सरकारी कारखाने आले. १९४१ मध्ये सुमारे ४ लक्ष ७ हजार असलेली शहराची लोकसंख्या १९५१ मध्ये ७ लक्ष ७९ हजारांवर गेली. दहा वर्षांत गाव जवळजवळ दुप्पट झाले! सांगली, मिरज, कोल्हापूर, सोलापूर, बेळगाव, धारवाड येथून मराठी तंत्रज्ञ, फिटर, कारकून आणि अभियंते आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मुंबई राज्याच्या दक्षिण जिल्ह्यांतील सरकारी नोकरही या राजधानीकडे वळले.

सरकारने हातावर हात ठेवले होते असे नाही. १९४५ च्या कायद्याने नगर सुधारणा विश्वस्त मंडळ अस्तित्वात आले. १९४८ मध्ये जयनगर आणि १९४९ मध्ये राजाजीनगर यांची सुरुवात झाली. पण मंडळाचा साचा प्लेगच्या काळचाच होता : एक कुटुंब, एक भूखंड, एक घर. वीस-तीस, तीस-चाळीस, चाळीस-साठ, पन्नास-ऐंशी ही फुटांची मापे बंगळूरच्या बोलीतले शब्दच होऊन बसली. भूखंड मिळावयाचा तर राज्यात ठरावीक वर्षे वास्तव्य हवे, नावावर दुसरे घर नको, अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहण्याची तयारी हवी. कालच गाडीतून उतरलेल्या माणसाला यांपैकी काहीच शक्य नव्हते.

मग तो राहिला कोठे? तो राहिला त्या ‘एका घराच्या’ माडीवर, परसातल्या आउटहाउसात, मोटारीविना रिकाम्या पडलेल्या गॅरेजात, किंवा मालकाने मागच्या अंगाला काढलेल्या दोन खोल्यांत. दारावर ‘टू लेट’ची पाटी, दहा महिन्यांच्या भाड्याची आगाऊ रक्कम, किंवा ठोक रक्कम ठेवून बिनभाड्याने राहण्याचा ‘भोग्या’चा करार, शाकाहारी आहात काय, ही पहिली चौकशी, आणि पाणी जपून वापरण्याची पहिली तंबी. या सर्व गोष्टी आपल्या घराघरांतील ज्येष्ठांना सांगावयास नकोत. भूखंड एका कुटुंबासाठी आखला होता. प्रत्यक्षात त्यावर दोन-तीन चुली पेटत होत्या. मालकाला त्या भाड्याने कर्जाचा हप्ता फेडता येत होता आणि भाडेकऱ्याला छप्पर मिळत होते. बंगळूरचा मध्यमवर्ग, मालक काय आणि भाडेकरू काय, या अलिखित तडजोडीवर उभा राहिला.

कायद्याची वही आणि रस्त्यावरचे शहर

१९६१ मध्ये या राज्यात नगररचनेचा कायदा आला आणि भूवापराची विभागणी, म्हणजे येथे वस्ती, येथे व्यापार, येथे उद्योग अशी आखणी, कायदेशीर झाली. त्याच वर्षीच्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकऱ्यास संरक्षण दिले खरे, पण त्याच्या धाकाने काही मालक घर रिकामे ठेवणे पसंत करू लागले. महाराष्ट्राने १९६३ मध्ये मालकीच्या सदनिकांविषयी कायदा केला. कर्नाटकात तसे कायदे १९७२ मध्ये झाले. मजल्यावरचे घर हेही स्वतःचे घर असू शकते, ही कल्पना येथे उशिरा रुजली. १९७६ मध्ये सुधारणा मंडळाच्या जागी बंगळूर विकास प्राधिकरण, म्हणजे बीडीए, आले. त्याच वर्षी नागरी जमीन कमाल धारणा कायदाही आला आणि मोठे भूखंड बाजारात येण्याऐवजी खटल्यांत अडकले.

१९८४ च्या सर्वंकष विकास आराखड्याने शहराभोवती हरितपट्टा आखला. आत उंच बांधावयाचे नाही आणि बाहेर पसरावयाचे नाही, अशी ही दुहेरी शिस्त होती. परंतु लोकसंख्या काही कोणाची परवानगी घेऊन वाढत नाही. १९७१ मधील साडेसोळा लक्ष वस्ती १९८१ मध्ये २९ लक्षांवर गेली होती. पुण्यात १९८१ मध्ये जन्मलेली इन्फोसिस १९८३ मध्ये येथे आली, इलेक्ट्रॉनिक सिटी वाढली, आणि पुण्या-मुंबईच्या तरुण मंडळींचा नवा ओघ सुरू झाला. कायदेशीर भूखंड पुरेनात, तेव्हा शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेली ‘रेव्हेन्यू साइट’ हा नवा प्रकार फोफावला. महाराष्ट्रात ज्याला आपण गुंठेवारी म्हणतो आणि जी नियमित करण्यासाठी तेथे २००१ मध्ये कायदा करावा लागला, तिचीच ही कानडी बहीण. रस्ता नाही, गटार नाही, नळ नाही. पण पदरात पडलेली जमीन आहे!

२००७ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित आराखड्याने धोरण काहीसे बदलले. काही भागांत मिश्र वापरास वाव मिळाला. ज्याला मुंबई-पुण्याकडे एफएसआय म्हणतात आणि येथे एफएआर, ते भूखंडाच्या क्षेत्रफळाशी एकूण बांधकामाचे प्रमाण भूखंडाचा आकार आणि रस्त्याची रुंदी पाहून १.७५ पासून ३.२५ पर्यंत देण्यात आले. यातील मेख अशी की मोठे प्रमाण मिळते ते विस्तीर्ण भूखंडाला आणि रुंद रस्त्याला. म्हणजे शंभर घरांचे संकुल बांधणाऱ्या बिल्डरला दार उघडले. तीस-चाळीसच्या मालकाला मात्र जुन्याच चौकटीत ठेवले. त्याने काय केले, हे आपण सर्वच जाणतो. मंजूर नकाशावर एक दाखविले आणि जागेवर दुसरे बांधले. मजला चढला, बाजूची मोकळी जागा झाकली गेली, शेजाऱ्याच्या खिडकीतले उन्ह गेले.

मग या सर्वांस दंड भरून नियमित करण्याची ‘अक्रम-सक्रम’ योजना निघाली. निवासी इमारतींत निम्म्यापर्यंतचे उल्लंघन माफ करण्याची तीत तरतूद होती. २०१६ च्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली आणि २०१७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. २०३१ सालासाठीचा नवा आराखडा २०१७ मध्ये मसुदारूपाने प्रसिद्ध झाला, पण अमलात आला नाही. २०१५ सालासाठी केलेला आराखडा त्या सालानंतरही वापरावा लागला. २०२५ मध्ये तर महानगरपालिकाच जाऊन तिच्या जागी ग्रेटर बंगळूर प्राधिकरण आणि पाच महानगरपालिका आल्या. संस्था बदलल्या, एका भूखंडावर किती चुली, हा प्रश्न तसाच उरला.

चंदीगडचा निकाल आणि दूरदेशीचे वारे

या वादाला २०२३ मध्ये एक लक्षणीय वळण मिळाले. चंदीगडच्या जुन्या भागात, म्हणजे ल कॉर्बुझिए यांनी आखलेल्या पहिल्या ३० सेक्टरांत, एका कुटुंबासाठी असलेल्या घरांचे हिस्से विकून त्यांचे मजलानिहाय तीन फ्लॅट करण्याची प्रथा पडली होती. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रोखली. निकाल देणाऱ्या खंडपीठावर होते मूळ अमरावतीचे आणि २०२५ मध्ये सरन्यायाधीश झालेले न्यायमूर्ती भूषण गवई, आणि बंगळूरलाच वकिली केलेल्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना. निकालात बंगळूरचा उल्लेख आहे, तो धोक्याची खूण म्हणून. उद्यानांचे हे शहर बेसुमार बांधकामाने कसे विद्रूप झाले, याकडे सर्व नगरांनी लक्ष द्यावे, असा त्याचा आशय.

जगात मात्र उलट दिशेनेही वारे वाहत आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये ओहायोतील युक्लिड गावाच्या खटल्यात भूवापराची विभागणी वैध ठरविताना, स्वतंत्र घरांच्या वस्तीतील फ्लॅटच्या इमारतीला बांडगुळाची उपमा दिली होती. त्या विचाराने तेथील उपनगरे तीन पिढ्या घडली. परंतु घरे आवाक्याबाहेर गेली, तेव्हा मिनियापोलिस शहराने २०१८ मध्ये एका भूखंडावर तीन घरांपर्यंत मुभा देणारा आराखडा स्वीकारला आणि ओरेगन राज्याने २०१९ मध्ये दुहेरी घरांना मोकळीक देणारा कायदा केला. पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबासाठी राखलेल्या आळ्या तेथे आता दुसऱ्या चुलीला जागा देऊ लागल्या आहेत.

मग आपण कोणती बाजू घ्यावयाची? चंदीगडचा निकाल त्या नगराच्या वारशापुरता समजण्यासारखा आहे. पण बंगळूरचा दाखला नीट वाचला पाहिजे. बंगळूर बिघडले ते एका भूखंडावर चार कुटुंबे राहिली म्हणून, की ती राहणार हे ठाऊक असूनही कागदावर एकच कुटुंब मानले म्हणून? गटाराचा नळ एका चुलीच्या हिशेबाने घातला आणि त्यावर चार चुलींचे पाणी सोडले, तर तो तुंबणारच. कर एका घराचा घेतला आणि राहणारी माणसे चार घरांची असली, तर नळ मोठा करण्यास पैसा कोठून येणार? इतिहास पाहता दाटीपेक्षा दाटीविषयीच्या लपवालपवीनेच शहराचे अधिक नुकसान केले, असे म्हणावे लागते.

पाण्याचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. १८९० च्या दशकात हेसरघट्टा, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी, १९७४ मध्ये कावेरी, असे हे शहर पाण्यासाठी दूर दूर जात राहिले. आज कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरांवरून आणि सुमारे अर्धा किलोमीटर चढ चढवून आणावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात टँकरमागे धावलेल्या कुटुंबांना हे वेगळे सांगावयास नको. परंतु त्या वर्षी सर्वाधिक हाल कोणाचे झाले? २००७ मध्ये हद्दीत घेतलेल्या ११० गावांतील वस्त्यांचे. कारण कावेरीचा पाचवा टप्पा तेथे पोहोचावयास २०२४ चा ऑक्टोबर उजाडला. नळ, गटार, शाळा, दवाखाना आणि मेट्रो ज्या मल्लेश्वरम्-जयनगरात आहेत तेथे माणसाला मज्जाव, आणि जेथे यांपैकी काही नाही तेथे त्याची वस्ती, हा न्याय पाण्याचीही बचत करीत नाही. झाडांचे तसेच. अंगणातला आंबा जपावाच; पण तो जपण्यासाठी शहराबाहेरच्या तळ्याकाठची शेते आणि बागा संपवीत जावे, यात निसर्गाचे रक्षण कोणते?

यास्तव मर्यादित, उघड आणि नियमबद्ध मोकळीक हाच मध्यममार्ग दिसतो. मध्यम भूखंडावर तीन-चार कुटुंबांची घरे कायद्याने मान्य करावी. त्या बदल्यात बाजूची मोकळी जागा, पावसाच्या पाण्याची साठवण आणि वाढीव जोडणीचा खर्च यांबाबत कसूर होऊ देऊ नये. आज जे चोरून होते ते नकाशावर यावे, एवढाच याचा अर्थ.

शेवटी थोडे आपल्याविषयी. गेल्या पन्नास वर्षांत आपल्यापैकी अनेक कुटुंबे भाडेकऱ्याची मालक झाली. माडीवर राहणाऱ्यांची मुले आज तळमजल्यावर राहतात आणि माडी भाड्याने देतात. रहिवासी संघाच्या सभेत ‘आमच्या रस्त्यावर फ्लॅट नकोत’ असा ठराव येतो, तेव्हा हात वर करणाऱ्यांत आपणही असतो. त्या ठरावामागची काळजी खोटी नसते. रहदारी, पाणी, गोंगाट यांचा त्रास खराच असतो. परंतु त्याच सभेहून परतल्यावर आपण तक्रार करतो की मुलाला आणि सुनेला या भागात घर परवडत नाही, ती दोघे शहराच्या टोकाला राहतात आणि नातवंडांची भेट फक्त रविवारी होते. परक्याला बाहेर ठेवण्यासाठी केलेला नियम घरच्या माणसालाही बाहेर ठेवतो, हे या दोन वाक्यांना एकत्र ठेवले की उमगते.

या शहरातील कन्नड, तमिळ, तेलुगू घरमालकांनी कधी नियमाकडे काणाडोळा करून, कधी दोन पैसे मिळतील म्हणून, आणि पुष्कळदा केवळ माणुसकीने, आपल्या आधीच्या पिढीला माडीवर जागा दिली. त्या माडीवर आपली मुले वाढली, तेथेच गौरी-गणपती बसले आणि तेथूनच मंडळाच्या कार्यक्रमांना माणसे निघाली. आता या शहराचा पुढचा आराखडा जेव्हा केव्हा हरकती व सूचनांसाठी लोकांसमोर येईल, तेव्हा त्यावर लेखी मत देण्याचा अधिकार आपल्यालाही असेल. ते मत देताना माडीच्या जिन्यावर सामान घेऊन उभ्या असलेल्या नव्या बिऱ्हाडाचाही विचार व्हावा, एवढीच या लेखामागची अपेक्षा आहे.